बुजलं की बुजवलं?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, स्टेशन आणि समुद्र यांच्या मधल्या एका गावात वाडीवाल्या काकांनी मला कुंपणापलीकडची जागा दाखवली. तिथं आता तीन मजली इमारत आहे आणि तिच्यापुढं दुचाक्यांची रांग. ‘इथं बावखल होतं,’ काका म्हणाले. ‘बुजलं.’ मागं काकू केळीचा घड उतरवून घेत होत्या. त्यांनी मान वर न करताच दुरुस्ती केली, ‘बुजलं नाय. बुजवलं.’

संसारातल्या इतर दुरुस्त्यांसारखी हीही तिथंच मिटली. काकांनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र ती डोक्यात घेऊनच परतीच्या गाडीत बसलो. एका ‘व’चा फरक, पण त्या ‘व’च्या मागं एक माणूस उभा आहे. ‘बुजलं’ म्हटलं की तो माणूस दिसेनासा होतो.

आधी बावखल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हा शब्द वसईबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. ते तळं नव्हे, विहीर नव्हे आणि डबकं तर नव्हेच. वाडीच्या कडेला खोदलेला गोड्या पाण्याचा तो मोठा, खोलगट साठा. पावसाळ्यात तुडुंब भरतो, मग ते पाणी हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना पोचतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी गोड राहतात त्या या मुरण्यामुळं. गोडं पाणी जमिनीखाली दाब धरून असतं तोवर खारं पाणी आत सरकत नाही. आधी रहाटानं आणि पुढं पंपानं हेच पाणी वाड्यांना मिळालं. त्यावर राजेळी केळी, पानवेली, मोगरा आणि भाजीपाला पिकला. राजेळी सोलून उन्हात वाळवली की होणारी आगाशीकडची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांनी एका अर्थी बावखलाचं पाणीच चाखलं आहे.

वसईकराला या एका शब्दात जमीन, पाऊस, समुद्राचं अंतर आणि पिकाचा हिशेब एवढं सगळं दिसतं. शब्द नसलेल्याला दिसतो तो खड्डा.

भाषा, संस्कृती आणि विचार एकमेकांना कसे घडवतात, या प्रश्नावर जगभर मोठमोठे ग्रंथ आहेत. भर्तृहरीनं दीड हजार वर्षांपूर्वी वाक्यपदीयात म्हटलं होतं की शब्दाचा स्पर्श नसलेलं ज्ञानच नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत हा विचार बेंजामिन ली व्हॉर्फ या माणसाच्या नावानं गाजला. गंमत म्हणजे व्हॉर्फ पेशानं प्राध्यापक नव्हता. तो आगविमा कंपनीत नोकरीला होता आणि आगी का लागतात याचा तपास करायचा. त्याला दिसलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. रिकाम्या पिंपात ज्वलनशील वाफ कोंडलेली असते, म्हणजे धोका तिथंच जास्त. कामगारांना पिंप दिसत नव्हतं, ‘रिकामं’ हा शब्द दिसत होता.

हे वाचलं तेव्हा मला आपला सातबारा आठवला. जमिनीचा जो भाग लागवडीखाली येत नाही त्याला महसुली भाषेत ‘पोटखराब’ म्हणतात. पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात लागवड होत नाही, मग त्याचं क्षेत्र या खान्यात जायला कितीसा वेळ लागतो? वाडीच्या भाषेत जो जमिनीचा जीव, तो कागदाच्या भाषेत जमिनीचा खराब भाग. ‘खराब’ जागेवर भराव टाकताना कुणाचा हात थरथरेल? पिंपाचं ‘रिकामं’ आणि जमिनीचं ‘खराब’ या दोन शब्दांनी सारखंच काम केलं आहे.

व्हॉर्फ पुढं फार वाहवत गेला, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाची कल्पनाच नाही, असं त्यानं लिहिलं. एकेहार्ट मालोत्की या अभ्यासकानं १९८३ साली जाडजूड पुस्तक लिहून होपी भाषेतले काळाचे शेकडो उल्लेख पुढं ठेवले, तेव्हा तो दावा कोसळला. भाषा म्हणजे विचाराचा तुरुंग, हे मत आज भाषाशास्त्रात कुणी गंभीरपणे मांडत नाही. ‘व्याही’ला इंग्रजीत शब्द नाही म्हणून इंग्रजाला मुलीचा सासरा ओळखू येत नाही, असं थोडंच आहे.

मग उरतं काय? रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञानं १९५९ साली केलेली मांडणी मला सर्वांत पटते. कुठल्याही भाषेत काहीही सांगता येतं. भाषा वेगळ्या ठरतात त्या कशावरून, तर काय सांगितल्यावाचून तुमची सुटका नाही यावरून. मराठीपुरतंच बघा. ‘आपण जेवायला जाऊ’ आणि ‘आम्ही जेवायला जाऊ’ यांतलं एक निवडल्याशिवाय मराठी माणसाला तोंड उघडता येत नाही. पहिल्यात ऐकणारा ताटावर आहे, दुसऱ्यात तो दारातच राहिला. गुजरातीतही हा भेद आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही, इंग्रजीच्या ‘वी’मध्येही नाही. हिंदी माणूस कमी अगत्यशील असतो असा याचा अर्थ नव्हे. पण मराठी माणसाला दिवसातून शंभर वेळा, नकळत, समोरचा आत की बाहेर याचा निवाडा करावा लागतो. सवयीचा परिणाम असतोच. नालासोपाऱ्याच्या एखाद्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की ते कधी रुजलं हे ओळखायची माझी खूण हीच आहे. ‘आमच्याकडं गणपतीला असं करतात’ हे वाक्य ‘आपल्याकडं गणपतीला असं करतात’ झालं की समजावं, बिऱ्हाड आत आलं.

आता काकूंच्या ‘बुजवलं’कडं वळू. मराठीत क्रियापदांच्या जोड्याच आहेत. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, बुजणं-बुजवणं. जोडीतलं पहिलं आपोआप घडतं, दुसरं कुणीतरी करतं. घरात कप खाली पडला तर आपण म्हणतो, ‘कप फुटला.’ फार प्रामाणिक असलो तर, ‘माझ्या हातून कप फुटला.’ जणू हात हा दुसराच कुणी होता. ‘मी कप फोडला’ असं म्हणणारा माणूस एकतर भांडणात आहे नाहीतर कबुलीजबाब देतो आहे. इंग्रजीत मात्र चुकून झालं तरी ‘मी फोडला’ हेच साधं, सरळ वाक्य.

या फरकाचा स्मरणावर परिणाम होतो का, हे केटलिन फॉसी आणि लेरा बोरोदित्स्की या दोन संशोधिकांनी तपासलं. त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना लहान चित्रफिती दाखवल्या. त्यांत कुणी मुद्दाम फुगा फोडतं, तर कुणाकडून चुकून फुटतो. स्पॅनिश या बाबतीत आपल्यासारखी आहे, तिथंही अपघातात फुलदाणी ‘फुटते’. नंतर विचारलं, हे कुणी केलं होतं? मुद्दाम केलेल्या कृत्यांत दोन्ही गटांची आठवण सारखीच होती. अपघाताच्या बाबतीत मात्र इंग्रजीवाल्यांना माणूस जास्त आठवला. फरक काही प्रचंड नव्हता, पण होता. भाषा डोळे झाकत नाही, मात्र कुठं बघायचं याची सवय लावते.

आपली ही सवय वाईट आहे असं मला वाटत नाही. हातून फुटलेल्या कपाबद्दल मोठ्या मनानं बोलणारी भाषा घरात चांगलीच. तीच भाषा जमिनीच्या आणि पाण्याच्या व्यवहारात आली की गोंधळ होतो. वसईबद्दलची कुठलीही बातमी काढून बघा. वाड्या गेल्या, विहिरी खारट झाल्या, इमारती उभ्या राहिल्या, रस्ते पाण्याखाली गेले. सगळं आपोआप.

भाषेची सवय कशी बदलते हे बघायलाही वसई सोडावी लागत नाही. वसई-विरारच्या पट्ट्यात भाषेचा इतिहास खणायला लागलं तर थेट अशोकापर्यंत जाता येतं. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली इथला स्तूप उकरला, त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढं १९५६ मध्ये भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हे दोन्ही लेख आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार मोलाचे आहेत. आठव्यात अशोक सांगतो, पूर्वीचे राजे ‘विहारयात्रे’ला जात, म्हणजे मृगया, मौजमजा; मी ‘धम्मयात्रा’ सुरू केली. नवव्यात तो म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना ‘मंगलं’ करतात, बायका तर बारीकसारीक पुष्कळच करतात. करावीत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल ते धम्ममंगल, म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, जिवांबाबत संयम ठेवणं. यात्रा आणि मंगल हे दोन्ही शब्द लोकांच्या तोंडातले होते. राजानं ते काढून घेतले नाहीत, त्यांच्यात नवा अर्थ भरला. विचार बदलायचा तर जुना शब्द हाताशी धरावा, ही युक्ती दगडावर कोरलेली वसईच्या मातीत सापडावी, हे मला फार आवडतं.

पुढं लोक बुद्ध विसरले. पण स्तुपाच्या टेकाडाला नाव तर हवं. ते नाव पडलं ‘बुरुड राजाचा कोट’. सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचा राजवाडा! ‘शूर्प’ म्हणजे सूप, आणि शूर्पारक या नावातला तो सुपाचा धागा लोकांच्या जिभेवर कुठंतरी शिल्लक राहिला असेल का? तर्कच आहे, पण सोडवत नाही.

मग १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे पाच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला. एवढ्या काळात पोर्तुगीजांनी मराठीला काय दिलं याची यादी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, तिजोरी, बिजागरी, घमेलं, पगार, लिलाव, तुरुंग. ही यादी एकदा निरखून बघावी. वाणसामान आहे, सुताराचं सामान आहे, कचेरी आहे. क्रियापद जवळपास नाहीच. नातंही नाही. वस्तू आली की तिच्याबरोबर शब्द येतो, पण घराच्या आतल्या खोलीत परका शब्द सहजासहजी शिरत नाही.

वसईत मात्र एक शिरला, आणि असा शिरला की त्यानं अख्ख्या समाजाला नाव दिलं. कुपारी. उत्तर वसईतले सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आला असं मानलं जातं. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला एक धर्मपिता लागतो. मुलाचा जन्मदाता बाप आणि हा धर्मपिता यांचं आपसातलं जे नातं, ते कोम्पाद्रे. आपल्याकडं मुलांच्या लग्नामुळं दोन बापांत जे नातं तयार होतं त्याला ‘व्याही’ शब्द आहे. मुलाच्या नामकरणामुळं दोन बापांत नातं तयार होतं, ही कल्पनाच इथं नवी होती. नवा संस्कार आला, त्यानं नवं नातं आणलं, नात्यानं परका शब्द आणला, आणि शब्द पिढ्यान्‌पिढ्या घासून मराठी कानाला साजेसा झाला. संस्कृती, विचार आणि भाषा यांची साखळी एवढी स्वच्छ दिसणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आणि हे कुपारी घरात कुठली भाषा बोलतात? पोर्तुगीज नाही. कादोडी, म्हणजेच सामवेदी. ही बोली सामवेदी ब्राह्मणांचीही. एका बाजूला जानवं, दुसऱ्या बाजूला क्रूस, आणि ओटीवरची भाषा एकच. वाडवळीचंही तसंच, हिंदू वाडवळ आणि ख्रिस्ती वाडवळ एकाच बोलीत भांडतात आणि मिटवतात. ग्रिअर्सन या भाषा-अभ्यासकानं १९०५ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात सामवेदी आणि वाडवळी यांची नोंद घेतली, तेव्हा त्याला या बोली जातिधर्माच्या रेषा ओलांडताना दिसल्या असणारच. धर्म बदलला की विचार बदलतो म्हणतात. पण देवाची प्रार्थना बदलली तरी मुलाला रागावायचे, गाईला हाकायचे आणि केळीचं खोड कापायचे शब्द तेच राहिले. माणसाच्या विचारातला बराच मोठा भाग याच शब्दांत चालतो.

याच्या उलटं बघायचं असेल तर अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याच्या खाडीपलीकडं कोर्लईला जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवर आधारलेली एक मिश्रबोली आजही घरात बोलली जाते. ‘नो लिंग’ म्हणतात तिला, आमची भाषा. तिच्यातले शब्द पोर्तुगीज, पण पोर्तुगीजमध्ये वाक्याच्या मध्ये येणारं क्रियापद इथं मराठीसारखं शेवटी जाऊन बसलं आहे. शब्द परके आणि वाक्याचा सांगाडा मराठी. वसईत सांगाडाही मराठीच आणि शब्दही बहुतेक मराठीच. असं का, याला एकच उत्तर नसावं. माझ्या समजुतीप्रमाणं वसईचे ख्रिस्ती शेतकरी, वाडीवाले होते. बाजार, पाणी आणि बांध शेजाऱ्यांशी वाटून घेतलेले. ज्याच्याशी पाण्याची पाळी ठरवायची त्याच्याच भाषेत राहावं लागतं. कोर्लईची वस्ती छोटी, किल्ल्याशी बांधलेली आणि शेजारापासून अलग.

अशोकाची युक्ती ख्रिस्ती धर्मानंही वापरली. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्याला आला. नवख्रिस्त्यांना आपली जुनी पुराणं आठवत, त्यांच्या जागी वाचायला काही नव्हतं. म्हणून त्यानं बायबलची कथा ओवीत लिहिली आणि तिला नावही ‘पुराण’च दिलं. १६१६ साली छापलेल्या त्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ येतो. आता वैकुंठ म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात विटेवरचा सावळा उभा राहणार की नाही? राहणारच. स्टीफन्सला ते कळत नव्हतं असं नाही. शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याचा गोतावळा येतो, हे पत्करूनच त्यानं तो घेतला. वसईत पुढं ही परंपरा ‘सुवार्ता’ मासिकानं चालवली. त्याचे अनेक वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काहींच्या भुवया उंचावल्या. त्यांना बहुधा ठाऊक नव्हतं की मराठी ही या माणसाच्या प्रार्थनेची भाषा होती. याच दिब्रिटोंनी ‘हरित वसई’च्या आंदोलनात वाड्या आणि पाणी वाचवण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणलं होतं. शब्द आणि विहीर या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

वसई तालुक्याच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या अंगानं गेलं की भाषा पुन्हा बदलते. तिथं वारली पाडे आहेत. लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं पालघट देवीचा चौक काढतात. ‘काढतात’ हे मी म्हणतो. वारली बायका चौक ‘लिहितात’. आपल्याला हे गमतीचं वाटतं, कारण शाळेनं आपल्याला शिकवलं की अक्षरं लिहायची आणि चित्रं काढायची. पण संस्कृतातल्या ‘लिख्’चा मूळ अर्थ खरवडणं, रेघ ओढणं असाच आहे. बिहारमधल्या मिथिलेच्या बायकाही भिंतीवरचं लग्नाचं चित्र, कोहबर, ‘लिहितात’च. वारली बाईला अक्षर येत नाही म्हणून तिला निरक्षर म्हणायचं, आणि ती मात्र आयुष्यभर लिहिते आहे. ‘लिहिणं’ कुणाच्या भाषेतलं धरायचं, यावर कोण अडाणी हे ठरतं.

समुद्राकडच्या कोळीवाड्यात तर घड्याळच वेगळं. पाचूबंदर असो की अर्नाळा, तिथल्या माणसाला पंचांगातली तिथी म्हणजे उपासाचा दिवस एवढंच नसतं. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, तो ‘भांग’, पुनव-अवसेला ‘उधाण’. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, तेव्हा भांग की उधाण यावर बोंबील किती, आणि बोंबलावर घरातला आठवडा. कुणी त्याला विचारलं, मंगळवारी येशील का, तर तो आधी मनात तिथी मोजतो. वार ही बँकेची गोष्ट.

अशा वेगळ्या मोजणीचं जगात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. उत्तर क्वीन्सलंडमधल्या गुगु यिमिथिर या भाषेत डावं-उजवं दिशेसाठी वापरतच नाहीत. सगळं उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. ‘तुझ्या पूर्वेकडच्या पायावर मुंगी आहे’ अशा धर्तीचं बोलणं. (कांगारू हा शब्द याच भाषेतला, कॅप्टन कूकच्या लोकांनी १७७० मध्ये उचलला.) स्टीफन लेव्हिन्सन या संशोधकाला दिसलं की ही माणसं बंद खोलीतही दिशा चुकत नाहीत. आपण हे वाचून थक्क होतो. थक्क व्हायचं कारण नाही, विरार लोकलच्या प्रवाशांकडं बघा. विरारहून मुंबईला १८६७ पासून गाडी जाते आहे. या प्रवाशांच्या बोलण्यात डावं-उजवं क्वचितच येतं. ‘विरारकडच्या लेडीजमध्ये चढ’, ‘चर्चगेटकडच्या पुलावर थांबतो’, ‘मुंबई साइडला तिकीटखिडकी बंद आहे’. तोंड कुठंही असो, अंगाला गर्दी कशीही चिकटलेली असो, चर्चगेट कुठं आहे हे डोळे मिटून सांगतील. जगण्यानं भाषेला दिशा दिली, भाषेनं शरीराला. पूर्व आणि पश्चिमेचं मात्र उलटं झालं आहे. ‘वेस्टला राहतो’ म्हणजे रुळाच्या कुठल्या बाजूला, एवढंच. सूर्याचा त्याच्याशी संबंध उरला नाही.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या वर होती. एवढ्या गर्दीत कादोडी किंवा वाडवळी बोलणारे थोडे, आणि त्यांच्या नातवंडांची शाळा इंग्रजी. घरात ‘मामेभाऊ’, ‘आतेभाऊ’, ‘मावसभाऊ’ आणि ‘चुलतभाऊ’ या चौघांचा एक ‘कझिन’ झाला आहे. त्याबद्दल मी फार गळा काढणार नाही. एकेकाळी मामाची मुलगी लग्नाला चालत असे आणि चुलत्याची चालत नसे, म्हणून शब्द वेगळे ठेवणं भाग होतं. आज तो प्रश्नच पडत नसेल तर शब्द एकवटणारच. गरज संपली की शब्द निवृत्त होतो. बावखलाची गोष्ट तशी नाही. त्याची गरज संपलेली नाही. पावसाळ्यात तुंबणारं पाणी आणि उन्हाळ्यात येणारा टँकर हे दोघं मिळून त्याच शब्दाची जागा दाखवत असतात. फक्त त्या जागेला आता कुणी बावखल म्हणत नाही, ‘लो-लाइंग एरिया’ म्हणतात.

वसईत कुणी पाणथळ जागेबद्दल तहसीलदाराकडं किंवा महापालिकेकडं अर्ज लिहायला बसलं असेल तर एक विनंती. ‘बावखल बुजलं आहे’ असं लिहू नका. ‘बुजवलं गेलं आहे’ असंही लिहू नका, त्यात करणारा पुन्हा निसटतो. सर्व्हे नंबर लिहा, भराव पडल्याची तारीख लिहा, आणि कोणी बुजवलं ते वाक्याच्या सुरुवातीलाच लिहा.